‘खरी तोराह पाचच पुस्तकांची’ म्हणणाऱ्यांना

सध्या एक फॉरवर्ड फिरतोय: ‘ज्यूंची खरी तोराह म्हणजे मोशेची पाच पुस्तकं, बस्स. तालमूद हा रब्बींनी (ज्यू धर्मगुरूंनी) मागाहून घुसडलेला गुप्त ग्रंथ. तोराहचं एक अक्षरही कधी बदललेलं नाही, म्हणून ज्यू आजही डोळ्याला डोळा हाच न्याय करतात.’ आमच्या मामांनी तो घरच्या ग्रुपवर टाकला आणि खाली हात जोडणाऱ्यांची रांग लागली. म्हणून हा खटाटोप.

आधी डोळा, कारण सगळ्यात विखारी तेच आहे. ‘डोळ्याबद्दल डोळा’ हे पाच पुस्तकांतल्या निर्गमच्या 21व्या अध्यायात आहे, कबूल. पण इसवी सन 200 च्या सुमारास रब्बी यहूदा हनासी यांनी संकलित केलेल्या मिश्नात, म्हणजे तोंडी चालत आलेल्या ज्यू नियमांच्या संग्रहात, याचा चक्क हिशेब मांडलाय: इजा, वेदना, औषधपाणी, बुडालेली मजुरी आणि बेअब्रू. पाच बाबी, पाचही पैशांत फेडायच्या. इजेची किंमत कशी काढायची? तो माणूस गुलाम म्हणून बाजारात उभा केला असता तर डोळा असताना काय भाव आला असता आणि डोळा गेल्यावर काय, यातला फरक. आज हे वाचताना अंगावर काटा येतो, पण डोळे काढणं यात कुठेच नाही. तालमुदात, म्हणजे मिश्ना आणि त्यावरच्या रब्बींच्या चर्चा असलेल्या ग्रंथात, पुढे काथ्याकूट आहेच: आंधळ्यानेच कुणाचा डोळा फोडला, तर त्याचा काय काढणार? शिवाय खुन्याच्या जिवाबद्दल खंडणी घेऊ नका असं पाचांतल्याच गणना या पुस्तकात म्हटलंय, म्हणजे अवयवाबद्दल घेता येते. रब्बी एलिएझर ‘खरोखरचाच डोळा’ म्हणतात, तर तालमूद त्यांचं म्हणणंही ओढूनताणून भरपाईकडेच आणतो.

आता ‘फक्त पाच पुस्तकं’. सिनेगॉगमधल्या (ज्यूंच्या प्रार्थनास्थळातल्या) कपाटात चर्मपत्राची जी हस्तलिखित गुंडाळी असते तिच्यात पाचच पुस्तकं असतात, हे खरं. ज्यूंमधला कराईत पंथ मौखिक परंपरा मानत नाही, हेही खरं. पण बाकीच्यांचं काय? तालमुदातच गोष्ट आहे. ज्यू नसलेल्या एका माणसाने शम्माई या जुन्या रब्बींना विचारलं, ‘तुमच्या तोराह किती?’ ‘दोन. एक लिखित, एक मौखिक.’ ‘मला लिखितच शिकवा,’ म्हणाला, तर त्यांनी हाकलून दिलं. त्यांच्याच काळातल्या हिल्लेल या गुरूंनी मात्र त्याला शिष्य करून घेतलं. पहिल्या दिवशी हिब्रू अक्षरं: आलेफ, बेत, गिमेल, दालेत. दुसऱ्या दिवशी नेमकी उलटी. तो म्हणाला, ‘काल असं नव्हतं!’ हिल्लेल म्हणाले, ‘अक्षरांसाठी माझ्यावर विसंबलास ना? मग मौखिकासाठीही विसंब.’

शब्बाथला, म्हणजे आठवड्याच्या विश्रांतीच्या दिवशी, काम करू नका असं पाच पुस्तकं सांगतात. ‘काम’ म्हणजे काय, त्याचे 39 प्रकार मिश्ना मोजून देतो. एवढ्यावर कुणी पाचांतच भागवून दाखवावं.

‘गुप्त’वर काय बोलायचं! संपूर्ण तालमूद पहिल्यांदा छापला तो 1520 नंतर व्हेनिसमध्ये, डॅनियल बॉम्बर्ग या ख्रिस्ती मुद्रकाने.

राहिलं ते ‘एक अक्षरही बदललेलं नाही’. येमेनी ज्यूंच्या गुंडाळ्यांत आणि इतरांच्या गुंडाळ्यांत मोजक्या अक्षरांचा फरक आजही आहे. रब्बी योसेफ तर साफ सांगतात की कुठे अक्षर जास्तीचं आणि कुठे गाळलेलं, यातले आम्ही जाणकार उरलो नाही. हे नोंदवलंय तालमुदातच.