शेगड्याचे लाकडी जबडे: सागवान, फट आणि स्क्रू

नमस्कार दादा, माझ्या शेगड्याला (सुतारकामाच्या टेबलाला बसवलेला, लाकूड आवळून धरणारा व्हाइस) लावलेल्या लाकडी जबड्यांच्या फोटोवरची तुमची प्रतिक्रिया झोंबली, खोटं कशाला बोलू. पण उत्तर द्यायलाच हवं कारण त्यातलं थोडं बरोबरही आहे. तुमचं म्हणणं असं, की सागवान वाया घालवलं, बाभूळ लावायची होती, जबडे वर भिडतात नि खाली फट राहते म्हणजे काम कच्चं, आणि स्क्रू समोरून मारलेत.

बाभूळ कडक आहे हे मान्यच, बैलगाडीची चाकं उगाच नाही तिची करत. पण इथे कडकपणा हवाय कुणाला? कडकच हवं तर शेगड्याचा लोखंडी जबडा काय वाईट होता? त्यावर लाकूड चढवायचं ते याचसाठी की आवळल्यावर वळ उठायचाच असेल तर जबड्यावर उठावा, आपल्या कामावर, म्हणजे आत धरलेल्या लाकडावर नको. माझ्या जबड्यात दोनदा पटाशी घुसलीय, करवतीचे चार-पाच ओरखडे आहेत, पण पटाशीची धार शाबूत. चेपले की रंधा मारायचा, संपले की नवे करायचे. आणि वाया कसलं घालवलं, जुन्या दाराच्या चौकटीचं लाकूड आहे ते, फोटो मोठा करून बघा, खिळ्यांची भोकं दिसतील.

आता फट. अहो ती मुद्दाम ठेवलीय! शेगड्याचा स्क्रू नि दोन्ही दांडे खाली असतात आणि आपण काम धरतो वर, दांड्यांत जराशी ढिलाई असतेच, त्यामुळे आवळलं की पुढचा जबडा वरच्या बाजूने बाहेर झुकतो. फळ्या अगदी समांतर ठेवल्या तर जोर दिल्यावर वरचं तोंड उघडणार नि काम निसटणार. म्हणून पुढची फळी वर 25 मिमी जाड आणि खाली 24 ठेवलीय. कागदाच्या दोन पट्ट्या घ्या, एक वरच्या कडेला, एक खाली. हलकेच बंद केलं की वरची अडकते, खालची सहज ओढून निघते. मग नीट आवळा, दोन्ही निघणार नाहीत. निघालीच खालची तर या शिव्या द्यायला.

स्क्रूचं मात्र तुमचं शंभर टक्के खरं. लोखंडाच्या मागून मारायला हवे होते, पण मागच्या जबड्याची भोकं टेबलाच्या पोटात जातात, स्क्रू ड्रायव्हर पोचेना, शेगडा परत उतरवायचा कंटाळा केला. डोकी 6 मिमी आत बसवली पण खड्डे उघडेच ठेवले, नि परवा एका खड्ड्यात कसलासा खडा अडकला असणार, कपाटाच्या दाराच्या पट्टीवर टिकलीएवढा खळगा पडला. पट्टी नवी करावी लागली. आता त्या खड्ड्यांत सागवानाच्याच गुल्ल्या (लाकडी बुचं) ठोकतोय, सागवान तेलकट म्हणून गोंदाआधी थिनरने पुसून.

बाकी तुमच्याकडे बाभळीचा तुकडा पडलाय म्हणालात ना, तो जाळू नका. मला लाकडी हातोडा करायचाय, तिथे ती कडकच हवी.