चारदाती कॅमेरा

कापसाचा चुकारा, म्हणजे विकलेल्या कापसाचे पैसे, हाती आला, की आमच्या घरात जो तो मनातल्या मनात काहीतरी विकत घेऊन मोकळा होतो. २००४ साली तो रखडत रखडत पोळ्याच्या तोंडावर आला आणि मी मनातलं मोठ्यानं बोलून गेलो, "व्हिडिओ कॅमेरा घेऊ." कारणही सांगितलं. आबाजी पोळ्याला झडत्या म्हणतात, म्हणजे तोरणाखाली बैलांच्या जोड्या उभ्या असताना म्हणायची यमकांची गाणी, आणि त्यांच्याएवढ्या झडत्या आता गावात कोणाला पाठ नाहीत. त्या टेपवर घ्यायच्या, घरीच कापून-जोडून नीट करायच्या. शूटिंगवाले ज्याला मिक्सिंग म्हणतात, ते करायला कॉम्प्युटर घरात होताच. पुतण्याच्या एमएस-सीआयटीसाठी घेतला होता. तो पास झाल्यापासून त्यावर फक्त पत्ते पिसले जात होते.

आबाजींचं नाव निघाल्यामुळे कॅमेऱ्याला कोणी नाही म्हटलं नाही. पण त्यात कॅसेट कोणती असावी, हे मी पंगतीत विचारलं, आणि त्या दिवशी वरण निवून गेलं.

पहिले मामा बोलले. मामांकडे व्हीसीआर आहे. गणपतीत एकेकाळी तो रंगीत टीव्हीसह गावभर फिरायचा, त्यामुळे या विषयात त्यांचा शब्द शेवटचा. "आपल्या व्हीसीआरले चालली पायजे," ते म्हणाले, "नाई तं पैसे खराब." मामांची मागणी अडाणी नव्हती. व्हीएचएस-सी नावाची कॅसेट जेव्हीसीनं १९८२ सालीच काढली होती. आत फीत तीच, अर्ध्या इंचाची. डबी तेवढी लहान. ती मोठ्या कॅसेटच्या आकाराच्या अ‍ॅडॅप्टरमध्ये बसवली, की कोणत्याही व्हीसीआरवर वाजते. "अन् कॉम्प्युटर कायले लागते बे? दोन व्हीसीआर लाव. इकडून चालू कर, तिकडून बंद कर. झालं मिक्सिंग." जग कितीतरी वर्षं असंच मिक्सिंग करत होतं, हेही खरं. पण त्यात दर नकलेला चित्र उतरत जातं. नकलेची नक्कल काढली, की आबाजींचं धोतर आणि बैलाची झूल एकाच रंगाची. शिवाय आपल्याकडे मिळणारी व्हीएचएस-सी भरधाव चालवली तर तीस नाहीतर पंचेचाळीस मिनिटांची. आमच्या तोरणाखाली तेवढ्या वेळात निम्म्या जोड्याही येत नाहीत.

मग नागपूरचे भाऊजी. त्यांच्याकडे हाय-८ चा कॅमेरा होता. होता म्हणजे आहे, चालत नाही. त्यांच्या लग्नानंतरच्या मनालीच्या टेपा त्यामुळे कपाटात पडून होत्या, आणि म्हणून भाऊजींचं मत ठाम होतं, "तुम्ही डिजिटल-८ घ्या." ही सोनीनं १९९९ साली काढलेली युक्ती: कॅसेट तीच आठ मिलिमीटरची, पण वरचं लिखाण डिजिटल. फीत जास्त वेगानं पळते, म्हणून नव्वद मिनिटांची कॅसेट साठातच संपते. यातली काही मॉडेलं जुन्या हाय-८ टेपाही वाचतात आणि त्यांचं चित्र तारेतून थेट कॉम्प्युटरला देतात. खरं सांगायचं तर सल्ला वाईट नव्हता. भाऊजींची मनाली माझ्या चुकाऱ्यातून निघणार होती, एवढंच काय ते खटकत होतं.

त्यात न्यू जर्सीच्या मावसभावाचा फोन. तिकडे स्वस्त मिळतो, येताना घेऊन येतो म्हणाला. तिकडचा कॅमेरा एनटीएससी पद्धतीच्या चित्राचा: सेकंदाला २९.९७ चित्रं, ५२५ ओळी. आपलं पॅल: पंचवीस चित्रं, ६२५ ओळी. एकाची टेप दुसऱ्याच्या यंत्रात धड चालत नाही. हे मी फोनवर समजावत होतो आणि मिनिटांचे पैसे त्याला लागत होते, म्हणून सविस्तर समजावलं. आबाजींना मात्र त्या पॉइंट नऊ सातचं फार नवल वाटलं. पुरे तीस द्यायला अमेरिकेला काय झालं होतं, हे ते बरेच दिवस विचारत होते.

शेवटी नागपूरला बर्डीवर गेलो. सीताबर्डीच्या दुकानदाराला गिऱ्हाईक खेड्यावरचं आहे, हे चपलेवरून कळतं. त्यानं पहिले झूम दाखवला. सातशे एक्स. मी समोरच्या रसवंतीवाल्यावर धरून पाहिला, तर पडद्यावर नुसत्या चौकटी. रसवंतीवाला कोणता आणि ऊस कोणता, काही कळेना. डिजिटल झूम म्हणजे आहे तेच चित्र फुगवणं. मग त्यानं मायक्रोएमव्ही नावाची कॅसेट काढली. २००१ ची, मिनी-डीव्हीच्या कॅसेटपेक्षा ७० टक्के लहान. इतकी गोजिरवाणी की घ्यावीशी वाटली. पण तिच्यावर चित्र एमपेग-२ मध्ये दाबून भरतात. सोनीशिवाय ती कोणी बनवत नव्हतं आणि मिक्सिंगचे बहुतेक सॉफ्टवेअर तिला ओळखही देत नव्हते. मी ती परत काचेवर ठेवली.

"मिनी-डीव्ही दाखवा," मी म्हटलं. ही १९९५ पासूनची, पाव इंची फीत, कॅसेट साठ मिनिटांची, आणि सोनी, पॅनासॉनिक, कॅनन, जेव्हीसी सगळ्यांच्या कॅमेऱ्यात तीच. टेपवर चित्र आकड्यांत असतं, म्हणून कॉम्प्युटरमध्ये घेताना त्याचा कस जात नाही. "कॉम्प्युटरला जोडता येतो ना?" "यूएसबी है ना भाऊ!" हा 'है ना' मला पटेना. या कॅमेऱ्यांच्या यूएसबीतून फोटो येतात, फार तर टिकलीएवढं अडखळतं चित्र. पूर्ण चित्रासाठी फायरवायर नावाचं वेगळं कनेक्शन लागतं. सोनी त्यालाच आय-लिंक म्हणते, त्यामुळे दुकानदार आणि मी बराच वेळ एकाच वस्तूवरून भांडलो.

रात्री घरी आबाजींनी कॅमेरा हातात घेऊन चहूबाजूंनी फिरवला. बैल घेताना वय कळावं म्हणून दात पाहतात, त्याच सुरात विचारलं, "बाबू, दात पाह्यले का?"

मी तारेचं टोक दाखवलं. फायरवायरच्या तारेला कॅमेऱ्याकडे चार पिना असतात, कॉम्प्युटरकडे सहा. आबाजींनी चष्मा लावून दोन्ही टोकं मोजली. "चारदाती हाय. कामाले बरा हाय," म्हणाले, "पण तुया कॉम्प्युटर सहादाती दिसते." कॉम्प्युटर सहादाती काय, बोळका निघाला, मागे ते छिद्रच नव्हतं. कार्ड वेगळं आणून बसवावं लागलं. मला विचाराल तर कॅमेरा घेणाऱ्यानं आबाजींसारखं आधी तोंड उघडून पाहावं, भिंगाचं कौतुक नंतर.

पोळा छान झाला. झडत्या सगळ्या आल्या, आवाजही स्वच्छ. खरी मळणी पुढे होती.

टेप कॉम्प्युटरमध्ये घ्यायची तर तासाच्या टेपला तास लागतो, आणि आमच्याकडे सलग तासभर लाइन ही तेव्हा अफवा होती. रात्री ओलितासाठी थ्री फेज येई तेव्हा लोक वावरात जात आणि मी कॉम्प्युटरपुढे बसे. बाकी गाव मोटर चालू करी, मी कॅप्चर चालू करी. डीव्हीच्या एका तासाला १३ जीबी लागतात. डिस्क होती चाळीसची. पुतण्याची गाणी उडवली, तो जेवला नाही. त्यातही डिस्क फॅट-३२ या जुन्या पद्धतीनं मांडलेली असल्यानं फाइल ४ जीबीला अडे, म्हणजे एकोणीसेक मिनिटांनी. आबाजींची झडती ऐन यमकावर येई आणि कॅप्चर बंद. मग कॅमेऱ्यात टेप मागे घ्यायची आणि पुढची फाइल यमकापासून सुरू करायची.

मिक्सिंग करताना मी मन घट्ट केलं. गर्दीची पाठ, माझाच अंगठा, आणि लाऊडस्पीकरवरच्या घोषणा सगळ्या कापल्या. उरलं ते अर्ध्या तासाचं आणि बघण्यासारखं होतं. मग त्याची व्हीसीडी केली, म्हणजे ७२० बाय ५७६ चं चित्र ३५२ बाय २८८ वर आणलं. आणि मामांना चालावं म्हणून व्हीसीडी प्लेयरच्या पिवळ्या-पांढऱ्या-लाल तारा त्यांच्या व्हीसीआरला जोडून शेवटी मोठ्या कॅसेटवर उतरवलं.

मामांच्या ओसरीत अर्धं गाव जमलं. आबाजींना स्वतःच्या झडत्या ऐकून हसू आवरेना. संपल्यावर मामा मात्र गप्प.

"आवडलं नाही का मामा?"

"चांगलं हाय. पण माया जोडीले पयला नंबर भेटला, थे लाऊडस्पीकरवर सांगतलं होतं नं? थे कुठी गेलं?"

"ते कापलं. पण मूळ टेपवर आहे."

"मंग थे टेप लाव नं."

मी मिनी-डीव्हीची कॅसेट त्यांच्या तळहातावर ठेवली. त्यांनी ती व्हीसीआरच्या तोंडाशी नेऊन अंदाज घेतला. मी सांगितलं, मामा, हिची फीतच वेगळी, लिखाणही वेगळं; हिच्यासाठी अ‍ॅडॅप्टर निघालाच नाही.

"निघाला असन," मामा म्हणाले आणि कॅसेट खिशात टाकली. "उद्या सकायच्या एसटीनं बर्डीवर जाऊन पाहतो."