फडताळाच्या दारावरचा शब्द

आज पाडव्याला धाकट्या भावाकडे जेवायला गेले आणि फ्रिजवर चिकटवलेला तक्ता पाहून श्रीखंडही गोड लागेना. 'आपल्या घराचा या वर्षीचा शब्द : यश', आणि खाली कुटुंबाची उद्दिष्टे : सहावीतल्या पुतणीला ९५ टक्के, पोहण्यात पदक, मोबाइल बंद. आई-वडिलांच्या नावापुढे एकही ओळ नव्हती. "हा शब्द तू निवडलास का गं?" असे मी तिला हळूच विचारले, तेव्हा "पप्पांनी," एवढेच म्हणून तिने मान खाली घातली.

याला कुटुंबाचे उद्दिष्ट म्हणायचे? ही तर एका लेकराच्या डोक्यावर ठेवलेली मोळी आहे!

वर्षाला शब्द देणे मला परके वाटत नाही. आपले पंचांग साठ संवत्सरांना नावे देतेच. आज सुरू झालेल्या शके १९४८चे नाव 'पराभव' आहे. पराभवालाही वर्षभर नांदू देणाऱ्या परंपरेत वाढलेल्या आपल्याला मुलीच्या एका कमी गुणाची एवढी धास्ती का वाटावी? अभ्यास करून घ्यावा लागतो, स्पर्धा खरी आहे, हे मान्य. पण तो तिचा अभ्यास झाला, घराचा शब्द नव्हे.

१८ जानेवारी १९८२ला गिरण्यांचा संप सुरू झाला, आणि पुढच्या पाडव्याला आमच्या लालबागच्या खोलीत बाबांचा पगार बंद होऊन दोन महिने उलटले होते. गुढी उभारल्यावर बाबांनी आम्हा सर्वांना जवळ बसवून, यंदा घरात काय व्हावे असे एकेकाला विचारले, आणि मग फडताळाच्या दारावर आतल्या बाजूने खडूने लिहिले : 'पंगत'. पाच ताटे मांडल्याशिवाय कोणालाही वाढायचे नाही, एवढेच त्या वर्षीचे उद्दिष्ट होते. पिठले असो की नुसती पेज, पाचही ताटांत सारखेच पडायचे. बाबांची गिरणी पुन्हा सुरू झाली नाही, पण तो नियम मोडल्याचे मला आठवत नाही.

दुपारी मी रागाने काही न बोलता निघून आले; आता लिहिता लिहिता राग ओसरला आहे, म्हणून तुलाच सांगते, कारण तू हे वाचशीलच. बाबांना तो शब्द तुझ्यामुळे सुचला होता. 'मी मागाहून बसते' असे म्हणून आई रोज उपाशी निजायची, हे आम्हा मोठ्यांच्या लक्षात आले नव्हते. तू पाच वर्षांचा होतास, आणि बाबांनी विचारल्यावर म्हणालास, "आईपण जेवेल."