नदीकाठची वाट आणि टेंडरची दाढ

बिंदुसरेच्या काठानं पायी फिरायची वारसा-वाट करायची, ही पोरांची कल्पना सध्या अख्ख्या पेठ बीडमध्ये चघळली जायलीय. त्या संध्याकाळी कट्ट्यावर विषय काढला तो टेंडरनं. नाल्या, गट्टू म्हणजे वाटेवर बसवायचे सिमेंटचे ठोकळे, कंपाऊंड अशी कामं घेतो म्हणून टेंडर. पाळण्यातलं नाव कुणी घेत नाही. दाढ काढून आला होता, गाल टम्म सुजलेला, तोंडात कापसाचा बोळा, पण बोलणं काही थांबेना.

"दोन्ही कडंनी गट्टू टाका, स्टीलचं रेलिंग मारा, रंगीत लायटी सोडा. आन् पुलाजवळ मोठ्या अक्षरात 'आय लव्ह बीड'. पब्लिक मावायची नाय, लिहून घ्या."

"आन् पाणी आल्यावर?" रज्जाकचाचा सुईत दोरा ओवता ओवता म्हणाले. चाचांचं टेलरिंगचं दुकान कट्ट्याला लागूनच आहे.

"कुठलं पाणी चाचा? नदीत गटार सोडून काही हाय का?"

चाचा उठले. दुकानात शिरले आणि मशीनच्या मागच्या भिंतीवर, स्वतःच्या छातीइतक्या उंचीवर, तळहात टेकवला. "हितपत्तर. 23 जुलै 1989. तू तवा चड्डीत होतास. तागेच्या तागे चिखलात गेले माझे. मशीनचं चाक फिरवलं की आतून रेती गळायची. लोकांची माणसं गेली रे, माझं नुसतं कापड गेलं. भिंतीला किती बार रंग मारला, पण हात बरोबर तिथंच जातो."

टेंडर गप्प बसेल असं वाटलं होतं. "म्हणूनच रेलिंग पक्कं पायजे," तो म्हणाला.

"ती नदी तुझं रेलिंग खाली सिंदफणा नदीला नेऊन देईल आन् बिल आपल्या नावावर फाडील," चाचा म्हणाले.

बाळू या वाटेच्या भानगडीत पहिल्यापासून आहे. त्यानं पूररेषेचा विषय काढला. निळी रेषा म्हणजे पंचवीस वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची, लाल म्हणजे शंभर वर्षांतून एकदाच्या. निळ्या रेषेच्या आत बांधकामाला मनाई असते. म्हणजे काठाला सिमेंट ओतायचा प्रश्नच येत नाही. असलेली पायवाट साफ करायची, जागोजागी साध्या पाट्या लावायच्या आणि त्या-त्या गल्लीतल्या माणसानं पुढं होऊन सांगायचं, एवढंच पोरांचं म्हणणं आहे.

"मग ह्यात काम कुठंय?" टेंडर कळवळून म्हणाला. आख्खा कट्टा हसला.

आता सरांना राहवेना. सर निवृत्त झाले, पण तास संपल्याची घंटा त्यांना अजून ऐकू आलेली नाही. "खजाना विहिरीपासून सुरुवात करा. 1583 च्या सुमाराला, मुर्तजा निजामशहाच्या काळात सलाबतखानानं बांधली. वास्तुकार राजा भास्कर. दोन भुयारांतून पाणी आत येतं, तिसऱ्यातून शेतीला जातं. दुष्काळातसुद्धा..."

"सर, विहीर गावापासून पाच-सहा किलोमीटरवर हाय. चालणार कोण, तुम्ही?"

"मी चाललो असतो. पण रज्जाकनं माझ्या लग्नाची पँट आखूड शिवली, तेव्हापासून लांब टांग टाकायची सवयच मोडली."

"माप देताना पोट आत ओढलं होतं तुम्ही! पोट सोडल्यावर पँट वर चढली, त्यात माझी काय चूक?" हे भांडण आम्ही लहानपणापासून ऐकतोय. शिलाईचे अर्धे पैसे अजून बाकी आहेत, हा चाचांचा दावाही त्यासोबत निघाला. मध्ये एक चहा झाला.

पण सरांनी सांगितलं त्यात मोठी गोष्ट होती, ती मला इथं सांगितलीच पाहिजे. या गावाचा सगळा वारसा पाण्याभोवती फिरतो. पाणी शिस्तीत आणणारी खजाना विहीर आहे. पाण्यात उभं असलेलं कंकाळेश्वराचं देऊळ आहे. त्याच्या भिंतीवरच्या शस्त्र घेतलेल्या बाया जवळ जाऊन बघा. पायाचा पवित्रा, वळलेली कंबर, लढाईला निघाल्यासारख्या. महाशिवरात्रीच्या जत्रेत हजारो माणसं तिथून जातात आणि त्यांच्याकडं मान वर करून बघणारे थोडेच. नदीच्या पश्चिम काठाला जुन्या तटाचे तुकडे आहेत, कोतवाली वेस आहे, किल्ला मैदानातली 1627 ची जामा मशीद आहे. वर पालीला 1955 चं धरण आहे. ते भरलं की सांडव्यावरून पडणारी पाण्याची चादर बघायला गाड्या भरभरून जाणारे आपणच, आणि खाली गावात तीच नदी नाकाला रुमाल लावून ओलांडणारेही आपणच. म्हणून मला वाटतं, वाटेवरची पहिली पाटी राजाची, सुभेदाराची नको. चाचांच्या भिंतीवर, हात टेकला तिथं, पुराची रेघ ओढा. पुढच्या प्रत्येक घरावर ओढा. 1989 बघितलेली माणसं आता थकलीत. ती आहेत तोवर त्यांच्याकडूनच रेघा ओढून घेतल्या पाहिजेत.

हे मी बोललो तर बाळू म्हणाला, "घरमालक ओढू देतील? पुराची रेघ दिसली की प्लॉटचा भाव पडतोय."

"भाव पडू दे," चाचा म्हणाले. "पाण्यात प्लॉट विकणाऱ्याला रेघेचं भ्या वाटतंय, घेणाऱ्याला नाय."

टेंडर खाली बघायला लागला. नदीकाठाला त्याच्या मेव्हण्याचे प्लॉट आहेत, हे सगळ्यांना माहीत आहे. विषय बदलायचा म्हणून त्यानं एकदम महंमद तुघलक काढला. "बीडजवळ त्याचा दात पडला, आन् त्यानं दाताची कबर बांधली म्हणतेत ना? करझणीकडं? ती घ्या की वाटेवर! दाताची कबर म्हणल्यावर पुण्या-मुंबईचं पब्लिक येईल."

"ती नदीवर नाय, टेंडर."

"मग वाट वाकडी करा. फाटा काढू. फाट्याचं काम मी..."

"थांब," चाचा म्हणाले. "काढलेली दाढ कुठंय तुझी?"

टेंडरनं खिशातून कागदाची पुडी काढली. डॉक्टरनं दिली, म्हणाला, म्हणून ठेवली.

"दे इकडं. दगडी पुलाजवळ पुरू. वर गट्टू तूच बसव, रेलिंग मार, लायटी सोड. पाटी सर लिहितील: बादशहा टेंडर यांचा मुक्काम इथं झाला."

सर हसता हसता खोकायला लागले. बाळूच्या हातातला चहा शर्टावर सांडला. टेंडरही हसायला गेला, गाल धरून "आई गं" करून ओरडला, आणि मग तर कुणालाच आवरेना.

रविवारी सकाळी सात वाजता कोतवाली वेशीपाशी जमायचं ठरलंय. रंगाचा डबा आणि ब्रश बाळू आणणार. टेंडर म्हणाला, "रंग माझ्या दुकानातून न्या, होलसेल भावात देतो."