'चढणीचे मासे तसेही मरतातच' म्हणे!

मृगाचा पाऊस लागला की मासे अंडी घालायला नदीतून ओढ्यात वर चढतात, आणि एक संदेश फिरू लागतो: 'चढणीचे मासे बिनधास्त पकडा. अंडी घालून ते मरतातच. एकेका मादीत लाखो अंडी असतात. आजोबा-पणजोबाही पकडायचे, मासे संपले का?' खाली गाबोळीने फुगलेल्या माशांचा फोटो.

अंडी घालून मरतो तो प्रशांत महासागरातला सामन. आपल्याकडे ओढ्यात चढणारी शिंगटी किंवा शिवडा पाणथळ गवतात, भाताच्या खाचरात अंडी घालतात आणि पाण्याबरोबर नदीत परततात, पुढच्या पावसात पुन्हा चढायला. काही खाचरातच अडकून बगळ्यांच्या पोटी जातात, हे खरं. म्हणून सगळेच मरणार होते असं होत नाही.

लाखो अंडी? रोहूत किलोमागे दोन-तीन लाख निघतात, महसीरमध्ये मात्र काही हजारच. पण अंडी इतकी लागतात ती जवळजवळ सगळी वाया जातात म्हणूनच. एका जोडीची सरासरी दोन पिल्लं मोठी होऊन पुन्हा अंडी घालण्यापर्यंत पोचली, तरच संख्या टिकते. आणि तव्यावरच्या गाबोळीतलं एकही अंडं नदीत पडलेलं नसतं. चढताना पकडलेली मादी त्या वर्षीची सगळी वीण घेऊन जाते.

आजोबांचं म्हणाल तर ते बांधाच्या तोंडाशी सापळा लावत, फार तर पाग टाकत. आज ओढ्याच्या या काठापासून त्या काठापर्यंत बारीक जाळी, कुठे ब्लीचिंग पावडर, कुठे बॅटरीचा करंट. याला परंपरा कसं म्हणायचं?

यावर हमखास उत्तर येतं, 'इथला संपला तर दुसरीकडून येईल.' मासा कुठून कुठे जातो हे अंदाजाने सांगायचे दिवस गेले. भूतानात मानसच्या खोऱ्यात सोनेरी महसीरला रेडिओ टॅग बसवून त्याचा माग काढला गेला. बराकपूरच्या केंद्रीय अंतर्देशीय मात्स्यिकी संशोधन संस्थेने गंगेवरच्या फराक्का बंधाऱ्याच्या वर हिलसा मासे सोडले, त्यांतल्या काहींना खुणेचे टॅग लावले. हे करावं का लागलं? पूर्वी हिलसा समुद्रातून गंगेत चढून प्रयागराजच्याही पुढे जायचा. १९७५ मध्ये हा बंधारा सुरू झाला आणि वरच्या टप्प्यात तो जवळजवळ दिसेनासा झाला. वाट अडल्यावर दुसरीकडून कुणी आलं नाही.

खायचेच तर पाणी ओसरताना उतरणीचे खा, मोठ्या आसाच्या (भोकांच्या) जाळ्याने, पिल्लं निसटतील असे. गाबोळी मिळणार नाही, हे मान्य.