पाच वर्षांनी आपण कुठे असू?

मे महिन्यात नागपुरात कोणतीही समिती नेमू नये, असं माझं जुनं मत आहे. ते आमच्या मंडळीचा, म्हणजे चर्चचा, कारभार पाहणाऱ्या पास्टरेट कमिटीपुढे मांडायला मी उभा राहिलो, आणि खाली बसलो तेव्हा निमंत्रक झालेलो होतो. उभा एकटा मीच होतो ना.

समितीचं नाव 'मंडळी आत्मपरीक्षण व भावी वाटचाल समिती'. वरून पत्र आलं होतं. वरून म्हणजे अगदी वरून नाही, कार्यालयातून. मंडळीने आपल्या सेवाकार्याचं मूल्यमापन करावं, पुढच्या पाच वर्षांचा आराखडा करावा. सोबत चार पानांची इंग्रजी प्रश्नावली. तिचं मराठी माझ्या भाच्याने मोबाइलवर अर्ध्या मिनिटात केलं, आणि त्याची फळं मी पुढचे तीन रविवार भोगली.

'आपली दुर्बल स्थाने कोणती?' या प्रश्नाला एका काकूंनी लिहिलं, 'उजवा गुडघा. हिवाळ्यात डावा पण.' 'बलस्थाने'पुढे कुणीतरी 'कॅल्शियमची गोळी' लिहिलं होतं. 'धोके' या रकान्यात मात्र एकवीस जणांचं एकमत झालं: डावीकडच्या तिसऱ्या खिडकीवरचं मधमाश्यांचं पोळं. एवढी एकी मी आमच्या मंडळीत गाण्याच्या सुरातही ऐकलेली नाही.

खरं तर ज्या शहरात 29 नोव्हेंबर 1970 रोजी सहा वेगवेगळ्या मंडळ्या आपापली नावं बाजूला ठेवून एक झाल्या आणि चर्च ऑफ नॉर्थ इंडिया जन्माला आलं, त्या शहरात उपासना साडेसातला की दहाला यावर एकमत व्हायला हरकत नसावी. म्हातारे म्हणतात साडेसात, उन्हाच्या आत घरी. तरुण म्हणतात दहा. पाळकसाहेबांनी मध्य काढून पावणेनऊ सुचवलं, तर दोन्ही बाजू त्यांच्यावर नाराज.

मग आली शिरगणती. उपासनेला नेमके किती जण येतात, हा पहिलाच प्रश्न. आमचे निवृत्त हेडमास्तर ताडकन म्हणाले, "दावीद राजाने खानेसुमारी केली आणि सत्तर हजार माणसं मरीने गेली. शमुवेलाचं दुसरं पुस्तक, अध्याय चोवीस." आता याच्यावर काय बोलायचं? शेवटी माणसं न मोजता चहाचे उष्टे कप मोजायचे ठरलं. कप निघाले एकशे बारा. खजिनदार म्हणाले, यातले तीस वजा करा, एवढे जण दोनदा घेतात. कोण घेतात तेही त्यांना नावानिशी माहीत होतं.

मुख्य बैठक रविवारी, उपासनेनंतर, दुपारी साडेबाराला. बाहेर पंचेचाळीस, आत एक डेझर्ट कूलर. कूलरसमोरच्या दोन बाकांवर जे बसले त्यांना भविष्य आशादायक वाटत होतं. मागचे सगळे विरोधी पक्षात. मी भिंतीवर पाच मोठे कागद लावले: 'उपासना', 'तरुण', 'सेवा', 'पैसा', 'दुरुस्ती व भंगार'. प्रत्येकाने चिकटचिठ्ठीवर सूचना लिहून योग्य कागदावर लावायची. तासाभरात भिंत पिवळीधमक झाली. मला भरून आलं. तेवढ्यात कुणीतरी कूलरचं तोंड फिरवून तीन नंबरवर केला.

आमचं सगळं भविष्य देवळाच्या फरशीवर उडत होतं. संडेस्कूलच्या पोरांनी चिठ्ठ्या गोळा केल्या आणि मनाला येईल तिथे डकवल्या. 'गायनमंडळात नवे आवाज हवेत' भंगारात गेलं. 'संडासाची कडी' उपासनेत. गंमत म्हणजे कुणाच्या लक्षात आलं नाही. अहवाल तसाच मंजूर झाला.

मंजुरीआधी हेडमास्तरांनी जुने स्कॉटिश मिशनरी हिस्लॉपसाहेब यांना मध्ये आणलंच. "1845 मध्ये माणूस नागपुरात आला. शाळा काढली, दगड-जीवाश्म जमवले, एका खनिजाला त्यांचं नाव आहे. त्यांनी कधी पाच वर्षांचा आराखडा केला होता का?"

"केला असता तर," खजिनदार शांतपणे म्हणाले, "1863 मध्ये पुराच्या ओढ्यात घोडा घालून बुडाले नसते."

मागच्या बाकावर आमच्या मोठ्या आत्या बसल्या होत्या. वय ब्याऐंशी. मी माइक घेऊन त्यांच्यापाशी गेलो. "आत्या, पाच वर्षांनी आपण कुठं असू?"

"काहून रे बापा, मी तं वर राहीन. तुही समिती तिथं बी येऊन राह्यली का?"

त्यांचा फॉर्म कोरा होता. म्हणजे समोरून. पाठीमागे पेन्सिलीने हिशेब: तांदूळ किती, तुरीची डाळ किती, डबे अकरा, त्यातला एक बिनतिखटाचा, एक 'म्हातारा, दात नाहीत, भात गिल्ला'. दर गुरुवारी मेडिकलमध्ये भरती असलेल्या बाहेरगावच्या पेशंटांच्या नातेवाइकांना त्या डबे पोहोचवतात, ऑटोने, किती वर्षं कोण जाणे. हे कोणत्या रकान्यात घालायचं यावर आमची वीस मिनिटं गेली. 'सेवा' म्हणावं तर तिला ठराव लागतो, ठराव नव्हता. 'पैसा' म्हणावं तर पावती नाही. शेवटी 'इतर'मध्ये टाकलं. अर्धी ओळ.

आत्यांना त्याचं काही नव्हतं. निघताना त्यांनी टेबलावरचा उरलेल्या प्रश्नावल्यांचा गठ्ठा उचलून पाहिला.

"हे मांगून कोरे हायेत न?"

"हो. का?"

"ठेचा बांधाले होतात. कागद जाड हाय."

चाळीसच्या चाळीस त्यांनी पिशवीत घातल्या. तेव्हा गेल्या गुरुवारी मेडिकलच्या व्हरांड्यात कुणीतरी भाकरीबरोबर ठेच्याची पुडी सोडली असणार, आणि तेलाच्या डागातून वाचलं असणार : 'पाच वर्षांनी आपली मंडळी आपणांस कोठे दिसते? थोडक्यात लिहा.'