पैसे प्राप्त झाले, खातं मात्र गोठलेलं

2025 च्या एप्रिलमध्ये तीन आठवडे मुंबईत होते. लालबागला आमचं मसाल्याचं छोटं दुकान आहे. 1982 च्या संपात बाबांची गिरणीतली नोकरी गेली आणि पुढे दोन वर्षांनी त्यांनी ते सुरू केलं. आता दादा आणि वहिनी चालवतात. एप्रिल-मे म्हणजे आमचा हंगाम. पावसाआधी वर्षाचा मसाला करून ठेवायला विरारपासून पनवेलपर्यंतच्या बायका येतात. बेडगी, पांडी, काश्मिरी स्वतः हाताने निवडतात, धणे, खोबरं, दगडफूल भाजून घेतात आणि डंखावर कुटून होईपर्यंत तिथेच उभ्या राहतात. आपला मसाला दुसरीच्या मसाल्यात मिसळू नये म्हणून.

त्या गडबडीत गल्ल्याशेजारचा छोटा डबा सारखा बोलत असतो. 'एक हजार दोनशे रुपये प्राप्त झाले.' 'सहाशे चाळीस रुपये प्राप्त झाले.' एका दुपारी मिरचीच्या घाऊक व्यापाऱ्याला पैसे पाठवायला दादाने फोन काढला, तर पैसे जाईनात. दोनदा केलं, तिनदा केलं. शेवटी दुकान वहिनीवर टाकून बँकेत गेला. तिथे सांगितलं, खातं गोठवलंय, परराज्यातल्या सायबर पोलिसांकडून आलंय, आमच्या हातात काही नाही.

झालं होतं ते असं. कुठल्यातरी गावात कुणाचीतरी ऑनलाइन फसवणूक झाली. त्या पैशांपैकी एक रक्कम चार खात्यांतून फिरत फिरत एका गिऱ्हाइकाच्या फोनवरून मसाल्याची किंमत म्हणून आमच्या दुकानात आली. दोन हजारांच्या आतली रक्कम. अडकली मात्र हंगामाची सगळी कमाई. डबा तरी बोलतच होता, कारण पैसे जमा व्हायला बंदी नव्हती, काढायला होती. संध्याकाळी दादाने त्याची वायर काढून ठेवली. 'ऐकवत नाही,' एवढंच म्हणाला.

घरच्या ग्रुपवर हे कळल्यावर नेहमीचा वाद पेटला. आयटीत असलेला ठाण्याचा मामेभाऊ म्हणाला, धंद्याचं खातं वेगळं ठेवायला हवं होतं, सगळं नीट सिस्टिममध्ये आणायला हवं होतं, जो बदलणार नाही तो संपणार. गिरगावातले काका म्हणाले, रोखीसारखं दुसरं नाही. पुढे त्याच वर्षी जुलैत कर्नाटकात यूपीआयवरच्या जमेचे आकडे पाहून जीएसटीच्या नोटिसा निघाल्या. ज्या मालावर करच नाही तो भाजीपाला विकणाऱ्यांनाही त्या गेल्या आणि बेंगळुरूच्या दुकानांवर 'यूपीआय नाही, फक्त रोख' अशा पाट्या लागल्या. काकांनी तो फोटो ग्रुपवर टाकला आणि खाली लिहिलं, 'सांगत होतो.' दहा मिनिटांत घरपोच माल देणाऱ्यांमुळे वाणी संपत चाललाय, त्यांच्यावर बहिष्कार घाला, हेही ओघाने आलंच.

हा वाद मी दहा वर्षं ऐकतेय. छोट्या दुकानदाराला तंत्रज्ञान जमतं की नाही, यावरच तो दर वेळी अडतो. मला हा प्रश्नच चुकीचा वाटतो, आणि तसं वाटायला लागलं ते इथे आल्यावर.

गेली अकरा वर्षं मी जर्मनीत, श्टुटगार्टला राहते. 1968 पासून हे मुंबईचं भगिनी-शहर आहे. माझी कंपनी छोट्या दुकानांच्या गल्ल्याचं सॉफ्टवेअर बनवते, त्यामुळे बेकरीवाले, फुलवाले, सायकल दुरुस्तीवाले यांच्याशी माझं रोजचं बोलणं असतं. मुंबईत सगळ्यांची समजूत अशी की इथे सगळं कार्डावरच चालतं. माझ्या घराखालच्या बेकरीच्या दारावर 'फक्त रोख' अशी पाटी आहे. जर्मनीच्या मध्यवर्ती बँकेच्या 2023 च्या पाहणीत लोकांच्या खरेदीचे 51 टक्के व्यवहार रोखीने झालेले दिसले. कार्ड घेतलं की दुकानदाराला प्रत्येक विक्रीमागे आकार भरावा लागतो, हे त्यामागचं एक कारण. आपल्याकडे बँक खात्यातून होणाऱ्या यूपीआय व्यवहारावर जानेवारी 2020 पासून व्यापाऱ्याला असा आकार नाही. दादाने क्यूआर कोड नोटाबंदीच्या हिवाळ्यातच लावला होता. 2017 च्या जुलैत जीएसटी आला तेव्हा बिलाचं सॉफ्टवेअर वहिनी शिकली. लॉकडाऊनमध्ये दुकान बंद असताना तिने व्हॉट्सअॅपवर यादी टाकली, दादाने स्कूटरवरून दादर, परळ, शिवडीपर्यंत पुड्या पोचवल्या. पुढे एका मोठ्या ऑनलाइन बाजारातही आमचा मालवणी मसाला गेला. दहावी शिकलेल्या माणसाने चार-पाच वर्षांत एवढं केलं. त्याला कुणी मागासलेला म्हटलं की मला राग येतो.

आता इथली गोष्ट सांगते. माझ्या ओळखीच्या एका बाईंचं लोकरीचं दुकान आहे. ऑनलाइन विक्री सुरू करायची की नाही, यात त्यांनी तीन वर्षं घालवली. वेबसाइटवर स्वतःचं नाव-पत्ता छापायचा कायदा, 14 दिवसांत गिऱ्हाइकाने माल परत पाठवला तर पैसे द्यायचा कायदा, गिऱ्हाइकाची माहिती कशी सांभाळायची याचा कायदा. दर वेळी त्या नवा कागद घेऊन माझ्याकडे यायच्या. दादाने हे सगळं एका दुपारी उरकलं असतं. शेवटी त्यांनीही एका ऑनलाइन बाजारात खातं उघडलं आणि मागच्या वर्षी ते एकाएकी थांबवण्यात आलं.

त्याच दिवशी त्यांना लेखी कारण आलं. अमुक मालाच्या वर्णनात लोकर किती टक्के आणि नायलॉन किती, हे लिहिलेलं नव्हतं. तक्रार कुठे करायची तेही त्याच पत्रात होतं. त्यांनी वर्णन दुरुस्त केलं, तक्रार केली आणि दहा-बारा दिवसांत खातं पुन्हा चालू झालं. त्या बाई तंत्रज्ञानात दादाच्या पासंगालाही पुरणार नाहीत. त्यांच्या हाताशी कायदा होता, एवढाच फरक.

युरोपीय संघाने 2019 मध्ये तो केला आणि 12 जुलै 2020 पासून तो लागू झाला. ऑनलाइन बाजाराने विक्रेत्याचं खातं थांबवलं तर कारण लेखी द्यायचं. कायमचं बंद करायचं असेल तर सहसा 30 दिवस आधी कळवायचं. अटी बदलायच्या असतील तर निदान 15 दिवस आधी सांगायचं. कोणाचा माल वर दिसतो आणि कोणाचा खाली, ते मुख्यतः कशावर ठरतं हेही अटींत लिहायचं. आणि गिऱ्हाइकाची कोणती माहिती विक्रेत्याला मिळेल, कोणती मिळणार नाही, तेसुद्धा. हा कायदा म्हणजे रामबाण नाही, मोठ्या कंपन्या वकिली भाषेत गोलगोल कारणं देतात हे मी इथे पाहिलंय. पण कारण द्यावं लागतं.

आपल्याकडे 2020 मध्ये ई-कॉमर्सचे नियम आले ते ग्राहक संरक्षण कायद्याखाली. त्यात गिऱ्हाइकाच्या तक्रारीची 48 तासांत पोच द्यायची आणि महिन्याभरात निवारण करायचं असं आहे. चांगलंच आहे ते. पण माल विकणाऱ्याच्या तक्रारीला त्यात अशी मुदत नाही. 2021 च्या अखेरीस ओएनडीसी हे सरकारच्या पुढाकाराचं ऑनलाइन व्यापाराचं जाळं उभं राहिलं. दुकानदाराने एका अॅपवर नोंद केली की त्याचा माल दुसऱ्या अॅपवरच्या गिऱ्हाइकालाही दिसावा, ही त्यामागची कल्पना मला फार आवडते, कारण त्यात दुकानदार एकाच बाजाराच्या दावणीला बांधला जात नाही. तरी तीही दारं वाढवण्याची सोय झाली. दार बंद झाल्यावर विचारायचं कुणाला, हा प्रश्न उरतोच.

बँक खात्याचं तर आणखी कठीण. फसवणूक झालेल्या माणसाचे पैसे वाचवायला पोलिसांनी झटपट खाती रोखलीच पाहिजेत, याबद्दल माझं दुमत नाही. त्या फसलेल्या माणसाच्या जागी माझी आईही असू शकते. पण दोन हजारांसाठी सगळं खातं कशाला? केरळ उच्च न्यायालयाने 2023 मध्ये अशाच तक्रारींवर सांगितलं की वादातली रक्कम तेवढी रोखा, बाकीचं खातं चालू द्या. ही साधी गोष्ट प्रत्येक बँकेच्या प्रत्येक शाखेत नियम म्हणून का पाळली जाऊ नये? लालबागच्या मसालेवाल्याने त्यासाठी हायकोर्टाची पायरी चढायची का?

आणि हे काही युरोपातून उसनं आणायला नको. महाराष्ट्राचा स्वतःचा लोकसेवा हक्क कायदा 2015 पासून आहे. दाखला किती दिवसांत द्यायचा ते ठरलेलं, नाकारला तर कारण लेखी द्यायचं, त्यावर अपील करायचं. उत्पन्नाच्या दाखल्याला जो हक्क आपण दिला, तो माणसाच्या उत्पन्नाला का देत नाही? व्यापारी संघटनांनी बहिष्काराच्या घोषणा देण्याऐवजी हे मागावं असं मला मनापासून वाटतं. कारण, मुदत, अपील, आणि तेही मराठीत. दादाला बँकेने दाखवलेला ईमेल इंग्रजीत होता आणि त्यात एका पोलीस ठाण्याचं नाव आणि तक्रारीचा क्रमांक, एवढंच होतं.

खातं एकोणतिसाव्या दिवशी मोकळं झालं. मी तोवर परत आले होते. मधल्या काळात वहिनीने तिच्या बहिणीकडून पैसे घेतले, मिरचीवाल्याने जुन्या ओळखीवर उधारी दिली. काकांचं रोखीचं म्हणणं त्या महिन्यात मलाही पटायला लागलं होतं, खोटं कशाला बोलू.

बाबांच्या वेळची एक लांबट वही दुकानात आहे. प्रत्येक बाईच्या नावापुढे तिचा मसाला लिहिलेला: बेडगी दोन किलो, पांडी अर्धा, तिरफळ नको, मुलगी बाळंतीण आहे तेव्हा यंदा तिखट कमी. नाव, चाळ, फोन. ऑनलाइन बाजारातून येणाऱ्या गिऱ्हाइकांसाठीही वहिनीने त्यात पानं राखली आहेत. तिथे खरा फोन मिळत नाही, म्हणून नुसता ऑर्डर नंबर आणि 'पुणे' किंवा 'नाशिक' एवढंच. एका पानावर तिने लिहून ठेवलंय, 'ही बाई तिसऱ्यांदा मागवतेय, विचारायचं होतं जास्त तिखट होतो का.'

गेल्या रविवारी फोन केला तेव्हा दादाला विचारलं, बँकेकडून काही कळलं का, कशामुळे झालं, पुन्हा होणार नाही ना. तो म्हणाला, अर्ज दिलाय, दोनदा स्मरणपत्र दिलंय. मागून डब्याचा आवाज येत होता, 'तीनशे वीस रुपये प्राप्त झाले.'